रिंगरोड हवा की नको? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमची तर जमीन गेली ना त्यात? मग तुम्ही रिंगरोडच्या बाजूने कशा बोलता?" असं मला माहेरच्या लग्नकार्यांत विचारतात. इकडे पुण्याला, नऱ्ह्यात, हायवेलगतच्या आमच्या सोसायटीच्या बैठकीत, नेमकं उलटं: "रोज खिडकीतून ट्रक बघता, तरी रिंगरोड म्हटलं की तुमचं पण-परंतु का सुरू होतं?" आजवर दोन्हीकडे मी समोरच्याला बरं वाटेल तेवढंच बोलले आणि विषय संपवला. त्याने कोणाचंच समाधान झालं नाही, माझं तर नाहीच. म्हणून एकदा सगळं सांगते. पटलं नाही तरी चालेल, पण माझं म्हणणं काय आहे ते नीट कळू दे.

पुण्याच्या बाहेरून फिरणारा हा रिंगरोड हवा. ट्रकसाठी हवा. पुण्याची कोंडी त्याने सुटेल असं मला वाटत नाही, आणि त्या आशेवर कोणी त्याची मागणी करत असेल तर त्या मागणीत मी नाही.

आधी ट्रकचं. साताऱ्याकडून येताना नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की आमच्या नऱ्ह्याजवळच्या नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच येतो. माल भरलेली गाडी, खाली दिसणारा मोकळा उतार आणि डिझेल वाचवायचा मोह. ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतो, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत हाताबाहेर गेलेलं असतं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री अशाच एका अवजड गाडीने पुलाजवळच्या कितीतरी गाड्या चेपल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनर आला, आग लागली, आठ माणसं गेली. मध्ये किती लहानमोठे अपघात झाले ते इथल्या माणसाला विचारू नका, आम्ही मोजणं सोडलंय. वेगमर्यादा आली, रस्त्यावर रम्बलरच्या आडव्या पट्ट्या आल्या, कॅमेरे आले, उतार मात्र आहे तिथेच आहे.

या ट्रकमधल्या कितीतरींचं पुण्यात काहीही काम नसतं. कोल्हापूरहून उरणच्या बंदराला जाणारा कंटेनर, दक्षिणेतून चाकणच्या कारखान्यांना माल घेऊन निघालेला लांबलचक ट्रेलर, यांना धायरीच्या शाळेसमोरून जायची गरज काय? पश्चिमेचा रिंगरोड उर्स्याजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला सुरू होतो, मावळ, मुळशी, हवेली ओलांडतो आणि भोर तालुक्यात सातारा रस्त्याला मिळतो. म्हणजे ही गाडी कात्रजच्या उतारावर येणारच नाही. एवढ्या एका कारणासाठी मी हो म्हणते, आणि ते कारण मला लहान वाटत नाही.

२०२२ च्या त्या अपघातानंतर सोसायटीच्या वतीने निवेदन मीच लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: "रिंगरोड झाल्यास पुण्याची वाहतूक कोंडी कायमची सुटेल." ज्यांना मी आता शंकेखोर वाटते ते हे वाक्य मला वाचून दाखवतात. ते लिहिणाऱ्या बाईशी मी मनातल्या मनात पुष्कळदा भांडले आहे. मी तिला म्हणते, अगं, आपण राहतो त्या बाह्यवळण रस्त्याबद्दलही हेच सांगितलं होतं. देहूरोड ते कात्रज हा रस्ता झाला तेव्हा वारजे, बावधन, बाणेर, नऱ्हे ही गावं होती, मधे शेतं होती. जड वाहनं शहराबाहेरून जावीत म्हणूनच तो काढला. मग रस्त्यालगत गुंठे विकले गेले, इमारती उठल्या, हिंजवडीतली आयटीची नोकरी धरणारे आपल्यासारखे लोक राहायला आले आणि शहराबाहेरचा रस्ता शहराचा मुख्य रस्ता होऊन बसला. आता त्यावरून ट्रकही जातात, शाळेच्या बसही जातात आणि दूध आणायला निघालेली म्हातारी माणसंही तोच ओलांडतात.

ती बाई ऐकून घेते आणि म्हणते, "बरं, मग उतारावर मरणाऱ्यांना काय सांगू? रस्त्याकडेच्या जमिनीचं धोरण ठरेपर्यंत थांबा म्हणू?" तिथे माझं तोंड बंद होतं.

आता जमिनीचं. माझं माहेर सिंहगडाच्या मागच्या अंगाला, खडकवासल्याच्या वरच्या बाजूला. भाताची खाचरं, थोडं वरकस, एक विहीर, गोठा. वडील गेल्यावर दादाने माझ्याकडे हक्कसोड मागितलं नाही, म्हणून सातबाऱ्यावर माझं नाव आहे. गट चुलत्यांबरोबर सामाईक. रस्त्याची रुंदी एकशे दहा मीटर. ही रुंदी नकाशावर बघणं आणि स्वतःच्या वावरात चालून बघणं यात फार फरक आहे. आमच्या खाचरांतून ती पट्टी तिरकी गेली. अलीकडे घर राहिलं, पलीकडे एक त्रिकोणी तुकडा, आणि विहीर पट्टीच्या बरोबर मध्ये.

संयुक्त मोजणी मे महिन्यात झाली. गावाने त्याआधी दोनदा मोजणी परत पाठवली होती. या वेळी बंदोबस्त होता. मोजणीचं रोव्हर यंत्र घेतलेली पोरं बांधावरून फिरत होती आणि एक जण पंचनामा लिहीत होता. विहिरीपाशी येऊन त्याने वाकून पाहिलं आणि कोरडी असं लिहायला घेतलं. आई पुढे झाली. म्हणाली, कोरडी नाही, मेमध्ये पाणी तळाला जातं, पण असतं. तो म्हणाला, मावशी, मला दिसतं तेच लिहिता येतं. आईने पोहरा सोडला. दोर संपत आला तरी सोडत राहिली. वर आलं ते अर्धा पोहरा गढूळ पाणी. तिने ते त्याच्या पायाशी ओतलं नाही, की आरडाओरडा केला नाही. पोहरा दोन्ही हातांनी धरून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने लिहिलेलं खोडलं आणि पाणी असल्याची नोंद केली. तो मुलगा वाईट नव्हता. पण या जागेवर आईचं जे काही होतं ते असं सिद्ध करून दाखवावं लागलं, हे मी विसरू शकत नाही. खाचराच्या ताली, म्हणजे दगडी बांध, माझ्या आजोबांच्या पिढीने दगड वाहून घातल्या होत्या. त्यांच्यासाठी पंचनाम्यात रकानाच नव्हता.

नंतर संमतीचा प्रश्न आला. मुदतीत संमती दिली तर मोबदल्यावर २५ टक्के जादा, नाही दिली तर सक्तीने संपादन आणि आपण भांडत बसायचं. दादावर कर्ज होतं, भाचीचं शिक्षण चालू होतं. त्याला संमती द्यायची होती. आप्पा, म्हणजे माझे धाकटे चुलते, विरोधातले. माझी सही थांबली तर आमच्या वाटणीचा प्रस्ताव अडणार होता.

त्या आठवड्यात आप्पा माझ्या घरी आले. बस बदलत, पिशवीत इंद्रायणी तांदूळ घेऊन. चहा झाला. मी काही विचारायच्या आत ते उठून गॅलरीत गेले आणि हायवेकडे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आगं, तुजी ही बिल्डिंग व्हायच्या आधी हितं काय व्हतं?"

"शेतं असतील, आप्पा."

"कुनाची?"

मला सांगता आलं नाही. कित्येक वर्षं मी त्या जागेवर राहते आहे, मुलं तिथे वाढली, आणि ती जमीन कोणाची होती हे मी कधी कोणाला विचारलेलं नव्हतं.

"तुला म्हाईत न्हाई," आप्पा म्हणाले. रागाने नाही. "आपल्या खाचरावर जो ऱ्हाईल त्यालाबी म्हाईत नसंल."

मी त्यांना उताराचं सांगितलं. माणसं कशी मरतात, अपघातानंतर रात्रभर हॉर्न कसे वाजत राहिले, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाले, "मरत्यात, मला कळतंय की. ट्रकापुरता रस्ता करायचा आसंल तर घ्या माजं खाचर, मी ना म्हननार न्हाई. पर तुमी रस्त्यापाशी थांबनार हायसा का? त्येच्या दोन्ही अंगाला काय काय उभं करनार, त्ये सांग."

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

"सही तर तुज्या हातात हाय ना," ते म्हणाले. जेवायला थांबले नाहीत.

मी सही केली. उतारासाठी केली, असं मी लोकांना सांगते आणि ते खोटं नाही. पण दादाचं कर्ज होतं म्हणूनही केली. जमीन तशीही जाणार होती, मग कमी पैशात का जाऊ द्यायची, म्हणूनही केली. माझ्या वाट्याच्या रकमेतून या फ्लॅटचं उरलेलं कर्ज फिटलं. यातलं कोणतं कारण किती वजनाचं होतं हे मला वेगळं काढून दाखवता येत नाही, आणि मला कोणी पैशावरून टोकलं तर मी चिडते हेही खरं. आप्पांनी त्यांच्या वाट्याचे पैसे अजून उचललेले नाहीत. भाचीच्या लग्नाला ते आले नाहीत. मी दोनदा गावी जाऊन त्यांच्या ओसरीवर बसून आले. काकूने चहा दिला, आप्पा आतून बाहेर आले नाहीत.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर शोधायचं म्हणून मी इतर शहरांचं वाचायला लागले, आणि जे वाचलं त्याने माझी बाजू भक्कम झाली नाही. बंगळुरूचा आऊटर रिंग रोड या शतकाच्या सुरुवातीला पुरा झाला, तोही जड वाहनं गावाबाहेरून नेण्यासाठीच. आज सिल्क बोर्ड ते के. आर. पुरम हा त्याचाच टप्पा आयटी कंपन्यांनी भरलाय आणि त्या शहरातली सगळ्यात कुप्रसिद्ध कोंडी तिथेच होते. हैदराबादचा १५८ किलोमीटरचा रिंगरोड पुष्कळ बरा, कारण त्यावर कुठूनही चढता-उतरता येत नाही. पण गच्चीबावली-कोकापेटच्या बाजूने शहर त्याला जाऊन भिडलं, आणि आता त्याच्याही बाहेर तीनशे किलोमीटरहून लांब दुसरं वर्तुळ आखलंय. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं की गर्दीच्या वेळी शहरातल्या द्रुतगती रस्त्यावरची वाहतूक त्या रस्त्याच्या क्षमतेइतकी वाढून राहते. त्यानंतर साठ वर्षं जगभरची शहरं रस्ते वाढवून हेच पुन्हा पुन्हा अनुभवत आली आहेत.

सोसायटीतल्या मंडळींना माझं हे बोलणं आवडत नाही. त्यांना सकाळी हिंजवडीला लवकर पोचायचंय. मलाही त्यांनी लवकर पोचावं असंच वाटतं. पण धायरीहून हिंजवडीला जाणारा माणूस सिंहगडाच्या मागून वळसा घालून कशाला जाईल? कोथरूड ते स्वारगेट, हडपसर ते खराडी या रोजच्या जाण्यायेण्याला बाहेरचं वर्तुळ काय देणार? त्याला बस लागते. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या आतून सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता, एचसीएमटीआर, म्हणजे जास्त क्षमतेचा सार्वजनिक वाहतुकीचा मार्ग; नावातच सार्वजनिक वाहतूक होती. तो अजून कागदावर आहे. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा देश आपल्याकडे बघत होता. पुढे आपण ती नीट चालवली नाही, नगर रस्त्यावरची तर उखडून टाकली. याच्यावर बैठकीत कोणी निवेदन लिहायला सांगत नाही. मी स्वतःहून लिहिलं तर सह्या गोळा होत नाहीत, कारण बसने जाणारं आमच्यात फारसं कोणी उरलेलं नाही. मीही स्कूटर चालवते.

माझं मागणं काय, असंही विचारता. चढ-उताराच्या जागा मोजक्या ठेवा. रस्ता खुला झाला त्या दिवसापासून शहरात काम नसलेल्या जड गाड्यांना जुन्या बाह्यवळणावर बंदी घाला, नाहीतर टोल वाचवायला त्या पुन्हा आमच्याच उतारावर येतील. आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंची शेती शेतीच राहू द्या. हे तिसरं मागणं ऐकून गावातले लोक माझ्यावर सगळ्यात जास्त संतापतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्धी जमीन रस्त्याला गेल्यावर उरलेलीला भाव येणार, तेवढंच त्यांच्या हाती राहिलंय. शहरात फ्लॅट घेऊन बसलेल्या बाईने त्यांना भात लावत राहा म्हणून सांगावं हे मलाही ऐकवत नाही. तरी मी सांगते, कारण त्याशिवाय वीस-पंचवीस वर्षांत तो रस्ता आमच्या या रस्त्यासारखा होईल, आणि मग आप्पांचं खाचर गेलं ते ट्रकसाठी गेलं असं म्हणायची सोयही राहणार नाही.

पश्चिमेच्या टप्प्याचं काम सुरू झालंय. गावाकडच्या फाट्यावर "रिंगरोड टच एन.ए. प्लॉट" असे फलक लागलेत. रस्त्यालगत नव्या वस्त्या उभारायच्या विकासकेंद्रांच्या योजनाही कागदावर आल्या आहेत. पलीकडे राहिलेल्या आमच्या त्रिकोणी तुकड्याला मागच्या महिन्यात गिऱ्हाईक आलं. तिथे जायला नीट वाट नाही, भात लावायला कोणी जात नाही, आणि दादा म्हणतो तो भाव पुन्हा मिळणार नाही. व्यवहाराला माझी सही लागेल. मी अजून दिलेली नाही. देणार नाही, असंही मला आज म्हणता येत नाही.