सेल मारायची घाई कायले?

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी सुरू करताना लगेच सेल (स्टार्टर) न मारता मी आधी प्लग का काढतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतरी हा प्रश्न मला दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हमखास येतो. पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला, घरची गाडी यवतमाळकडच्या कुठल्यातरी खेड्यात टिनाच्या शेडखाली उभी. सुटीत येतात, नवी बॅटरी आणतात, आणि मी प्लग काढायला बसलो की वैतागतात. "काका, बॅटरी फुल आहे, पेट्रोल टाकलं. सेल मारला का सुरू होते ना जी! प्लग कायले काढता?"

होते ना सुरू. बहुतेक वेळा होतेच, आणि पंचाईत तीच आहे. कोरडं इंजिन सुरू झालं म्हणून लगेच काही फुटत नाही. जे झिजतं ते आत झिजतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी गाडी ऑइल प्यायला लागली की लोक कंपनीला शिव्या देतात.

चालत्या इंजिनात क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) बेअरिंगला थेट टेकत नाही. मधे ऑइलचा पातळ थर असतो आणि क्रँक त्यावर तरंगत फिरते. गाडी उभी राहिली की ऑइल ओघळून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळच्या टाकीत, बसतं. बेअरिंगची फट अगदी बारीक, त्यामुळे तिथे थोडंफार धरून राहतं. सिलिंडरच्या भिंतीवरून आणि व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरून मात्र बरंचसं उतरून जातं. आपल्याकडे नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या पुढे जातो, टिनाखाली तर विचारूच नका. त्या उष्णतेत ऑइल पातळ होऊन आणखी लवकर उतरतं.

आणि त्याच्या पाठोपाठ पावसाळा. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. सायलेन्सरकडून, एअर क्लिनरकडून दमट हवा तिथे शिरते आणि पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या त्याच रेषेवर बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो. मग सेलच्या पहिल्या झटक्याला त्या रिंगा गंजाचे कण घेऊन वरखाली घासत जातात. जास्त धरलेल्या असतील तर तुटतात.

पंपाला चेंबरातून ऑइल उचलून, फिल्टर भरून, वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांपर्यंत) पोचवायला काही सेकंद लागतात. रोजच्या गाडीत हे सेकंद खपून जातात, कारण कालचं ऑइल अजून अंगाला असतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते नसतं, आणि त्याच सेकंदांत इंजिन पेटलं तर पेट्रोलच्या भडक्याचा सगळा दणका कोरड्या धातूवर बसतो. माझा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच: आधी ऑइल फिरू द्या, मग जाळ.

ही काही माझी अक्कल नाही. आसाला ओंगण (वंगण) दिल्याशिवाय बैलबंडी जुंपू नये हे जुन्या कास्तकाराला सांगावं लागत नव्हतं. विहिरीवरचं डिझेल इंजिन बरेच दिवसांनी काढलं की जाणता माणूस आधी डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडणारी, दांडी उचलून हँडलने नुसते वेढे मारायचा, इंजिन हलकं फिरतंय असं हाताला कळलं की मग दांडी सोडायचा. चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांतल्या टर्बाइनलाही आधी ऑइल पंप लागतो. बेअरिंगला दाब आल्याशिवाय चाक हलत नाही. मोटारीलाच तेवढी घाई का, मला कळलेलं नाही.

आता काय करतो ते ऐका. सगळ्यात आधी एअर क्लिनर उघडतो. हसू नका. ज्या घरात कापसाची गंजी असते तिथले उंदीर सरकीसकट कापूस नेऊन त्या डब्यात बिऱ्हाड करतात, वायरीही कुरतडतात. ते सगळं इंजिनात ओढलं गेलं तर माझं ऑइल काय करणार?

मग जुनं ऑइल सोडून देतो. गाडी चालली नाही म्हणजे ऑइल ताजंच, असं नसतं. त्यात आधीच्या जळणाची आम्लं आणि पाणी मिसळलेलं असतं. नवं ऑइल पुस्तिकेत असेल त्या ग्रेडचं. जुन्या ॲम्बॅसिडर-फियाटला 20डब्ल्यू-40 चालतं. नवा फिल्टर उभा बसणारा असेल तर तो आधीच ऑइलने भरून लावतो, तेवढंच पंपाचं काम कमी.

प्लग काढण्याआधी खाचेतली धूळ हवा मारून उडवायची. आपल्या काळ्या मातीची धूळ बोअरमध्ये पडली तर पॉलिश पेपरचं काम करते. मग प्रत्येक भोकातून चहाचा एक-दोन चमचे, म्हणजे 5 ते 10 मिली, साधं इंजिन ऑइल. जास्त नाही. गाडी अनेक वर्षं उभी असेल तर ते रात्रभर मुरू देतो आणि इथेच गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कुरकुरतं. गिअर न्यूट्रलला घालून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावायचा आणि हाताने फिरवायचं, इंजिनच्या नेहमीच्या दिशेनेच. ॲम्बॅसिडरला हँडल असेल तर सोन्याहून पिवळं. अडलं तर जोर करायचा नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. टामी लावून उड्या मारणारे मी पाहिलेत, आणि नंतर तुटलेल्या रिंगाही पाहिल्यात.

टॅपेट कव्हर काढून वरूनही ऑइल ओततो. ॲम्बॅसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये आहे, पुशरॉडच्या भोकांतून ऑइल तिथवर उतरतं. मारुती 800 चा कॅम वर हेडमध्येच, तिथे काम सोपं. पण टायमिंग बेल्ट रबराचा, तो वर्षांनी कडक होतो, म्हणून आधी तो बघून घ्यायचा.

मग सेल. प्लग बाहेरच, कॉईलची वायर काढलेली, म्हणजे ठिणगी नाही, पेट्रोल बंद, भोकांवर फडका, कारण ऑइल पिचकारीसारखं उडतं. प्लग नसले की कॉम्प्रेशन नसतं, इंजिन भरभर फिरतं आणि बेअरिंगवर भार जवळजवळ नसतो. दहा सेकंद सेल, मग थोडा दम, पुन्हा दहा सेकंद. एकसारखा मारला तर सेलची मोटर तापून जळते. नजर ऑइलच्या लाल दिव्यावर. तो विझला की दाब यायला लागला एवढंच कळतं, वरपर्यंत पोचलं असं नाही. म्हणून कव्हर थोडं उचलून रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइल पाझरताना डोळ्यांनी बघतो. त्यानंतर प्लग पुसून लावायचे, वायर जोडायची, पेट्रोल चालू. टाकीत वर्षापूर्वीचं पेट्रोल असेल तर ते काढूनच टाका. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं.

डिझेलचं वेगळं आहे, आणि इथे मात्र हात आखडता घ्या. पूजो (Peugeot) इंजिनची महिंद्रा जीप असो की ट्रॅक्टर, तिथे प्लगची ठिणगी नसते, दाबानेच जळतं. सिलिंडरात ऑइल जास्त झालं तर दोन गोष्टी होऊ शकतात: ते दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो, किंवा तेच ऑइल जळून इंजिन हाताबाहेर धावतं. म्हणून डिझेलला वरून ओतायच्या भानगडीत न पडता स्टॉपची (डिझेल बंद करणारी) दांडी ओढून धरायची आणि थांबत थांबत सेल मारायचा, दिवा विझेपर्यंत.

नव्या गाड्यांत फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला की पेट्रोल बंद होतं. काहींत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला तरी इंजेक्टर बंद राहतात, पण सगळ्यांत नाही, पुस्तिका वाचा.

आता ज्यावरून माझं लोकांशी खरं भांडण होतं ते. टाळेबंदीपासून अनेकांनी घरच्या म्हाताऱ्यांना एक काम लावून दिलंय: दर रविवारी गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करायची. नका करू. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं नाही तर त्यातलं काही आतच राहतं, सायलेन्सर सडतो, न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर तिला स्वस्थ उभी राहू द्या.

आणि दोन-तीन महिने उभ्या गाडीसाठी यातलं काहीच करायला नको. ऑइलची पातळी बघा, सरळ सेल मारा. एका पावसाळ्याची असेल तर नुसतं ठिणगी-पेट्रोल तोडून फिरवलं तरी पुरतं. प्लग काढून ऑइल टाकायचं ते वर्ष-दीड वर्षाच्या पुढच्या गाडीला. कुणी महिनाभराच्या गाडीसाठी तुमच्याकडून या कामाचे पैसे मागितले तर देऊ नका.

सुरू झाल्यावर निळा धूर येईल. टाकलेलं ऑइल जळतंय, घाबरू नका, आणि रेसही देऊ नका. मिनिटभर तसंच चालू द्या, दिवा बघा, मग हळू गाडी काढा. पण गेटबाहेर न्यायच्या आधी ब्रेक दाबून बघा. वर्षभर उभ्या गाडीचे मागचे ड्रम धरलेले असतात.