आर्बोनचे घर १:५० : नोंद तिसरी

स्वित्झर्लंडमधील सरोवरकाठच्या एका अश्मयुगीन घराची १:५० प्रमाणातली प्रतिकृती मी करतो आहे; तिच्यासाठी केलेले, गेल्या नोंदीत दाखवलेले मचाण मी मोडून टाकले आहे. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी खूप उतरले, तेव्हा ओबरमायलेनच्या काठाला चिखलात रोवलेले लाकडी खांब उघडे पडले आणि स्विस पुरातत्त्वज्ञ फर्डिनांड केलर यांनी त्यांवरून पाण्यावरच्या एका विस्तीर्ण मचाणावर वसलेले गाव कल्पिले. ते चित्र इतके देखणे आहे की माझेही दोन रविवार त्यात गेले. पुढच्या उत्खननांनी मात्र बऱ्याच ठिकाणी काठावरची सुटी सुटी घरे दाखवली.

मी करत असलेले घर कॉन्स्टन्स सरोवराच्या स्विस काठावरील आर्बोन-ब्लाइखे ३ या वस्तीतले आहे. प्राणवायू न पोहोचणाऱ्या ओल्या थरांत तेथील लाकूड टिकले, आणि खोडात दरवर्षी पडणाऱ्या वाढवलयांपैकी सालीलगतच्या शेवटच्या वलयावरून खांबाचे झाड कोणत्या वर्षी तोडले ते कळते, म्हणूनच इ.स.पू. ३३८४ मध्ये पहिले घर उभे राहिले आणि इ.स.पू. ३३७० च्या सुमारास आगीत सारे गाव संपले, असे वर्षाच्या हिशेबाने सांगता येते. जेमतेम पंधरा वर्षांचे गाव!

घर सुमारे ४ बाय ८ मीटरचे, म्हणजे माझ्या पाटावर ८ बाय १६ सेंटिमीटरचे. खरी अडचण जमिनीच्या उंचीची होती. आल्प्सचे बर्फ वितळल्यावर या सरोवराची पातळी उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा दीड-दोन मीटर चढते, त्यामुळे काठाच्या ओलीपासून घर उचलून घेणे भागच होते. मी फळ्यांची जमीन दीड सेंटिमीटरवर, म्हणजे प्रत्यक्षातल्या पाऊण मीटरवर बसवली आहे. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, हे नमूद करतो.

मेढी आणि वासे बांबूच्या काड्यांचे आहेत, जरी तेथील खांब मुख्यतः फर या सूचिपर्णी झाडाचे होते. कुडावर लिंपलेल्या शाडूला पहिल्या खेपेस वाळताना भेगा पडल्या; कागदाचा लगदा मिसळून दुसऱ्यांदा लिंपले, तेव्हा ती धरली. आढे चढले आहे. छपराला फरच्या फळ्यांऐवजी सागवानी व्हिनियरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) तुकडे लावायचे असून आतापर्यंत फक्त चाळीस कापून झाले आहेत.