नावापुरतं केशर

लेकीकडे केंब्रिजला जायचं ठरलं, तेव्हा तिने यादी धाडली. थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, आमसुलं आणि सगळ्यात शेवटी, ‘केशर, एक ग्रॅमची डबी, खरं बघून आण.’ ते ‘खरं बघून’ मला जरा झोंबलंच. पण आणलं. पर्सच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टशेजारी.

पहिल्याच शनिवारी जावई म्हणाले, “आई, आज तुम्हाला बाजाराच्या गावाला नेतो. सॅफ्रन वॉल्डन.”

“म्हणजे केशराचंच गाव की! मग मला पुण्याहून कशाला ओझं वाहायला लावलंत?”

दोघं नुसतेच हसले.

आगगाडीने ऑडली एंडला उतरलो. तिथून गाव दोनेक मैल. गावापर्यंत जाणारा रेल्वेचा फाटा १८६५ साली सुरू झाला होता, तो १९६४ साली बंद पडला. माझं माहेर अमरावतीचं, त्यामुळे मला लगेच आमची दोन चांदूरं आठवली. एक चांदूर बाजार, एक चांदूर रेल्वे. चुकीच्या चांदूरच्या एसटीत बसलेला एक तरी मामा आमच्याकडे घरोघरी असतो. हे वॉल्डनही मुळात ‘बाजार’वालंच. जुनं नाव चिपिंग वॉल्डन, आणि चिपिंग म्हणजे बाजार. म्हणजे सरळ वॉल्डन बाजार! हा बाजारही मूळचा इथला नव्हे. ११४१ साली जेफ्री द मँडव्हिल नावाच्या सरदाराने तो शेजारच्या न्यूपोर्टहून उचलून आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी आणवला. न्यूपोर्टला बंदर नाही, समुद्रही नाही. तिथलं ‘पोर्ट’ म्हणजेसुद्धा बाजारपेठच. ‘नवी पेठ’ असं नाव मिरवणाऱ्या गावाचीच पेठ गेली.

चौकातून आत शिरलं की अरुंद बोळ लागतात. बुचर रो, मर्सर्स रो. आपल्या भाषेत खाटीक आळी, कापड आळी. आमच्या पुण्याच्या तांबट आळीत निदान ठोक्यांचा आवाज तरी ऐकू येतो. इथे नावं पाटीवर राहिलीत आणि आत कॉफीची दुकानं.

केशर मात्र इथे खरोखर पिकत होतं. सोळाव्या-सतराव्या शतकात आसपासच्या शेतांतून जांभळी फुलं डोलायची. कापड रंगवायला, औषधाला, स्वयंपाकाला, सगळीकडे केशर लागे. केशराचे कांदे, म्हणजे कंद, उन्हाळ्यात लावायचे. पावसाळी, गारठलेल्या शरदात भल्या पहाटे, पाकळ्या पुरत्या उमलायच्या आत फुलं खुडायची, आणि एकेका फुलातून तीनच तांबड्या काड्या काढायच्या. दीडेकशे फुलं निवडावी तेव्हा माझ्या पर्समधली डबी भरणार. मग त्या काड्या छोट्या भट्टीवर मंद आचेने सुकवून, दाबून त्यांच्या वड्या करायच्या. शेतात कंबर कुणाची मोडत असेल आणि निवडताना डोळे कुणाचे जात असतील, ते सांगायला नको.

म्हणे एक यात्रेकरू पूर्वेकडून केशराचा एक कांदा पोकळ काठीत लपवून चोरून इकडे घेऊन आला. ही गोष्ट हॅक्लूट नावाच्या लेखकाने सोळाव्या शतकातच टिपून ठेवली आहे. खरी असेल-नसेल. पण पर्सचा आतला कप्पा चाचपत ऐकताना मला त्या काठीवाल्याबद्दल आपुलकी वाटली, हे कबूल करते.

मला सगळ्यात आवडली ती मात्र शेजारच्या रॅडविंटर गावच्या पाद्र्याने सांगितलेली हकिकत. विल्यम हॅरिसन त्याचं नाव. १५७७ साली छापलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात त्याने वॉल्डनच्या केशरवाल्यांबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत. एका वर्षी पीक इतकं उदंड आलं की निवडायला माणसं पुरेनात. फुलं दहा-बारा मैलांवरच्या गावांना पाठवली, निम्मी निवडून द्या आणि निम्मी तुम्हीच ठेवा, अशा बोलीवर. भाव पडणार हे दिसल्यावर काही शेतकरी देवावरच उखडले. देवाने बाजार बुडवायला केशर हगून ठेवलंय, असं म्हणाले! पाद्रीबुवांनी हे शब्द न गाळता लिहिले, आणि पुढे शेराही मारला की या कृतघ्नपणापायी देवाने नंतर पिकाला हात आखडता घेतला. पाद्रीबुवांचा राग मला काही पटला नाही. लासलगावच्या लिलावात कांद्याचा भाव कोसळतो त्या दिवशी ट्रॉलीजवळ उभं राहून ऐकावं. देव, सरकार, व्यापारी, कुणाचीही गय होत नाही.

पुढे बाहेरचं स्वस्त केशर आलं, वापर घटला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शेतं दुसऱ्या पिकांकडे वळली. राहिलं ते नाव. गावाच्या मुद्रेवर तटबंदीच्या आत तीन फुलं काढली आहेत. ‘सॅफ्रन वॉल्ड-इन’, तटात कोंडलेलं केशर! असला कोटीबाजपणा पुण्यात कुणी केला असता तर त्याची दुकानावर पाटी झाली असती.

बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. चौकात ताडपत्रीखाली गाजरं, चीज, अंडी, फुलझाडांची रोपं. एका मसाल्याच्या टपरीवर मी हट्टाने विचारलं, “इथलं केशर आहे?”

बाईंनी काचेची इवलीशी कुपी पुढे केली. “हे इराणचं, लव्ह. पण चांगलं आहे.”

मी कुपी उजेडात धरली, काड्या निरखल्या, किंमत विचारली आणि परत दिली. मग पाऊण किलो गाजरं घेतली.

संध्याकाळी लेकीने चक्का फेटायला घेतला. मी डबी उघडून चार काड्या कोमट दुधात टाकल्या. ती डोकावून म्हणाली, “रंग सुटतोय गं आई. खरं दिसतंय.”