गाळात गेलेलं बंदर

राजापूर म्हटलं की लोकांना गंगा आठवते आणि जैतापूर म्हटलं की अणुऊर्जा प्रकल्प (तो खरं तर माडबनच्या सड्यावर). या दोन गावांमधली खाडी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. ती बापडी दिवसातून दोनदा भरते, दोनदा सुकते.

राजापुरात अर्जुनेला कोदवली मिळते आणि खाली जैतापूरला तेच पाणी समुद्राला टेकतं. एके काळी गलबतं वर थेट राजापूरच्या धक्क्याला लागायची. घाटावरचा माल अणुस्कुऱ्याच्या वाटेने बैलांच्या पाठीवरून उतरायचा. इंग्रजांनी 1649 मध्ये इथे वखार घातली, ती काही हवापालटासाठी नव्हे. पुढे 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफा-दारूगोळ्याची मदत करायची अवदसा त्यांना आठवली आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापुरावर चालून येऊन ती वखार लुटली, वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याला साथीदारांसह कैदेत टाकलं. इथवरचा इतिहास शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो.

बंदराचा निकाल मात्र लावला गाळाने, आणि त्याच्यावर धडा नाही. डोंगरावरची झाडं गेली की पावसात तांबडी माती ओढ्या-वहाळांतून अर्जुनेत येते. समोरून भरती आली की नदीचं पाणी अडतं, मंदावतं, आणि दमलेल्या हमालासारखं ओझं तिथेच टाकून मोकळं होतं. जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत मोठं गलबत येत नाही, असं 1880 चं रत्नागिरीचं गॅझेटियरच सांगतं. व्यापार मग मुकाट्याने खाली सरकला.

मला काही या गाळाचा राग येत नाही. तो आहे म्हणून कांदळवन आहे, कुर्ल्या आहेत. सुकती लागली की बायका लुगडं खोचून पोटरीभर चिखलात उतरतात. डोळ्यांचा इथे उपयोग नाही. तळपायाला टणक लागलं की वाकायचं आणि शिंपला उचलायचा. दुपारपर्यंत टोपलीभर तिसऱ्या, आणि घरी एकशिपी, म्हणजे एका शिंपीसकट शिजवलेल्या तिसऱ्या. गलबतातून उतरणारं कुठलंही रेशीम याच्यापुढे मला तरी फिकं वाटतं.

भरतीची वेळ काढायला घड्याळापेक्षा तिथी बरी. तिथीला पाऊणपट करा: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हिशेब ढोबळ, पण होडीवाल्याचं अडत नाही.

दुकानदाराचं मात्र अडतं. आषाढात दोन्ही नद्या फुगून राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरलं की माल माळ्यावर चढतो, आणि मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज बाजूला ठेवून एखादा म्हातारा आधी तिथी विचारतो. अमावास्या-पुनवेचं उधाण खालून दाबायला लागलं की पूर लवकर हलत नाही. मग पाऊस उघडला तरी पोती वरच!