तुम्ही तर छान बोललाव की ओ

मागच्या रविवारी परत माईकसमोर बसले. होटगी रोडवरचा एक छोटा हॉल, साठेक खुर्च्या, बहुतेक आईबाप, थोडे शिक्षक, आणि विषय नेहमीचाच, ऑटिझम असलेल्या माणसाचं रोजचं जगणं. 2 एप्रिलला जागतिक ऑटिझम दिन असतो त्यामुळे या आठवड्यात बोलावणी येतात. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, आणि माझी ही चौथी वेळ. पण आधी पहिल्या वेळेबद्दल लिहिते, कारण ती अजून डोक्यातून जात नाही.

तीन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात 25 मिनिटं बोलायचं होतं. मी ती 25 मिनिटं अक्षरन् अक्षर पाठ केली, कुठं थांबायचं, कुठं हसायचं, कुठल्या वाक्याला मान वर करायची, सगळं. डोळ्यात बघणं मला जमत नाही, दोन भुवयांच्या मधे बघितलं की समोरच्याला फरक कळत नाही हे मी कॉलेजात असतानाच शोधून काढलं होतं, तेच केलं. भाषण उत्तम झालं, टाळ्या झाल्या. खाली उतरले तर एक सर जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर छान बोललाव की ओ, वाटतच नाही तुम्हाला काय आहे म्हणून." अगदी मनापासून म्हणाले ते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

घरी गेले आणि बोलणं बंद झालं. म्हणजे खरोखरच बंद, तोंड उघडलं तरी शब्द येईनात. याला शटडाऊन म्हणतात. दोन दिवस खोलीत अंधार करून, 41 डिग्रीच्या उन्हाळ्यात अंगावर जाड चादर घेऊन पडून होते आणि अम्माला काय हवं नको ते वहीत लिहून दाखवत होते. त्या सरांना 25 मिनिटं दिसली, हे दोन दिवस दिसले नाहीत, आणि दिसणार तरी कसे, मीच ते लपवले होते ना. जे सांगायला गेले होते तेच मी माझ्या बोलण्याच्या पद्धतीनं झाकून टाकलं. याला मास्किंग म्हणतात, आणि आम्हाला, विशेषतः मुलींना, ते इतकं लहानपणापासून अंगवळणी पडतं की आपण ते करतोय हेसुद्धा कळत नाही.

माझं सगळं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. खाली नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, माग, वर आम्ही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड. चार वर्षांची होईपर्यंत मी बोलले नाही तर सगळे म्हणायचे, तीन तीन भाषा कानावर पडतात, पोरगी गोंधळली आहे. (हे आजही आईबापांना सांगितलं जातं आणि ते घरची भाषा बंद करून बसतात. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही, कृपा करून घरची भाषा तोडू नका.) लोकांना वाटतं मागाच्या खटखटाटाचा मला त्रास होत असेल. उलट होतं. धोटा इकडून तिकडे, इकडून तिकडे, एकाच तालात, पुढचा ठोका कधी पडणार हे मला आधीच माहीत असायचं, त्याच आवाजात मला झोप लागायची. लाईट गेली आणि माग थांबले की मी रडायला लागायचे आणि कुणालाच कारण सापडायचं नाही.

आणि गड्ड्याची जत्रा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला होम मैदानावर जो गड्डा भरतो तो प्रत्येक सोलापूरकराचा जीव आहे, माझाही आहे, नंदीध्वजाची मिरवणूक मी लांबून बघतेच. पण आठ वर्षांची असताना त्या गर्दीत चार बाजूंनी चार लाऊडस्पीकर, पाळण्यांचा आवाज, भज्यांच्या तेलाचा वास, कुणाचा तरी घामट दंड माझ्या गालाला लागला आणि मी जमिनीवर बसून कान दाबून किंचाळायला लागले. लोक जमले. "लाडावलेली आहे, दोन लावा." नानांनी लावल्याही. हट्ट करणारं पोर अधूनमधून बघतं की कुणी लक्ष देतंय का, मागितलेलं मिळालं की थांबतं. माझं जे झालं त्याला मेल्टडाऊन म्हणतात, आवाज-गर्दी सहन होईनाशी झाली की बांध फुटतो तो. त्यात काही मागणंच नसतं, काही दिलं म्हणून ते थांबत नाही, आवाज आणि गर्दी कमी झाली की हळूहळू उतरतं. भाषणात मी हा प्रसंग दरवेळी सांगते कारण आपल्या पोराबाबत हेच कधीतरी घडलेले आईबाप समोर बसलेले असतात, आणि दरवेळी कुणीतरी मान खाली घालतं. त्यांना दुखवायला नाही सांगत मी. नानांनाही तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आता ते मला आधी विचारतात, आज चालेल का गं.

माहीत असणार कुठून? मी दुसरीत होते तेव्हा 1995चा अपंगांसाठीचा कायदा आला, त्यात सात प्रकार होते, ऑटिझम नव्हताच. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आले तेव्हा त्यात आला. माझं निदान 2019ला झालं, पुण्यात, वयाच्या 31व्या वर्षी. लिओ कॅनर या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1943मध्ये ऑटिझम असलेल्या ज्या 11 मुलांबद्दल लिहिलं त्यात तीन मुली होत्या, म्हणजे पहिल्यापासून आम्ही होतोच, तरी आजही लोक विचारतात, मुलींना असतो का?

एक गोष्ट मनात फार दिवसांपासून आहे. मराठीत आपण स्वमग्न म्हणतो. मूळ 'ऑटिझम' हा शब्द ब्लॉइलर नावाच्या स्विस डॉक्टरचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, ग्रीकमधल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून केलेला, आपण त्याचंच मराठी केलं. पण मी स्वतःत मग्न कधी होते? मला तर बाहेरचं सगळं एकदम ऐकू येतं, ट्यूबलाईटची गुणगुण, मागच्या रांगेतल्या बाईच्या बांगड्या, रस्त्यावरची रिक्षा, सगळं सारख्याच मोठ्या आवाजात, आणि त्यातून तुमचं वाक्य वेगळं काढायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ मी गप्प दिसते. शब्द बदला असं मी म्हणत नाही, संस्थांची नावं आहेत, लोकांना तो कळतो. पण मी स्वतःला ऑटिस्टिक म्हणते.

तर रविवार. या वेळी आयोजकांना आधीच कळवलं होतं की मी बसून बोलणार, कागदावरून वाचणार, कुणाकडे बघणार नाही, कर्रकर्र करणारा तो एक पंखा बंद ठेवा आणि टाळ्या वाजवू नका, त्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवा. हातात नानांच्या कारखान्यातली लाकडी कांडी होती, सुताची, ती मी बोटांत फिरवत राहते. पहिली पाच मिनिटं लोक अवघडले, मला कळत होतं. मधे बाहेर कुणीतरी बुलेटचा सायलेन्सर फटाफट उडवला आणि माझी ओळच हरवली, मिनिटभर मी काहीच बोलले नाही, आणि त्या मिनिटात कुणी "बोला मॅडम बोला" केलं नाही. तेव्हा वाटलं, आज लोकांना थोडं तरी दिसलं.

प्रश्न आले. मोबाईलमुळे होतो का? नाही, मोबाईलमुळे होत नाही आणि आई नोकरी करते म्हणूनही होत नाही, जन्मापासूनची मेंदूची घडण आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. किती वर्षांत बरा होईल? यावर मी जिम सिंक्लेअरबद्दल सांगते, स्वतः ऑटिस्टिक, 1993 साली टोरोंटोच्या परिषदेत आईबापांसमोर उभं राहून सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. हॉलमध्ये एक बाबा रडले. मी काही बोलले नाही, मला तेव्हा काय बोलायचं असतं ते सुचत नाही.

मग शेवटच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. "तुम्ही बोलता. माझं पोरगं नऊ वर्षांचं आहे, एक शब्द नाही. तुमचं ऐकून मी घरी काय घेऊन जाऊ?"

याचं पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, ताई, त्याच्या वतीनं मी बोलू शकत नाही, माझे गप्प झालेले दोन दिवस आणि त्याची नऊ वर्षं सारखी नाहीत. बोलत नाही म्हणजे कळत नाही असं धरू नका, त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तो तिथं नसल्यासारखं बोलू नका, चित्रांचे तक्ते असतात, टॅबवर बोट लावलं की बोलणारी ॲप असतात, तो बोलायला लागेल याची वाट बघत ती लांबवू नका. मग विचारलं, त्याला बाहेर जायचं असलं की काय करतो? त्या म्हणाल्या, माझी चप्पल आणून पायाशी ठेवतो. आणि नको असलं की? ताट उलटं घालतो. आणि झोप आली की माझा पदर कानावर ओढतो, आणि पाहुणे नको असले की त्यांच्या चपला दाराबाहेर नेऊन नीट जोडीनं लावतो. मी माईक त्यांच्याकडे दिला. दहा मिनिटं त्या एकट्याच बोलत होत्या, आणि दोघा-तिघा शिक्षकांनी वही काढून लिहायला घेतलं.

मुलगा दाराशी मामाबरोबर बसला होता. कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला, माझ्याकडे न बघता, मी त्याच्याकडे न बघता, आणि माझ्या हातातली कांडी काढून घेतली. कानाजवळ नेऊन फिरवली. कांडीच्या टोकाला पितळी कडी आहे, नखावर फिरवली की बारीक आवाज येतो, मला वाटायचं तो फक्त मलाच ऐकू येतो. त्याची आई म्हणाली, अरे दे मॅडमना. मी म्हटलं राहू दे.

सोमवार-मंगळवार सुट्टी आधीच टाकून ठेवली होती. या वेळी आवाज मंगळवारी दुपारीच परत आला. नानांनी संध्याकाळी दुसरी कांडी आणून उशाशी ठेवली.