रेखाटन-नोंद 14 : अडकित्त्याचा उघडा कोन

घरातील वस्तूंच्या मोजून काढलेल्या रेखाटनांपैकी अडकित्ता एका आठवड्यात संपवायचा, असे ठरवले होते. लागले चार आठवडे. दिवसभर पाठ्यपुस्तकांची चित्रे काढून झाल्यावर रात्रीचे दीड-दोन तासच या कामाला मिळतात आणि या वेळी पहिली दोन रेखाटने बाद करावी लागली.

अडकित्ता आजीचा आहे, पितळी मुठींचा आणि पोलादी पात्याचा. पहिल्या रेखाटनात मी तो मिटलेला काढला. मुठींचा बाक, खिळ्याजवळची नक्षी, पितळेवरची चकाकी, सारे मनासारखे उतरले होते. पण ते पाहून ही वस्तू सुपारी कशी फोडते, हे काही कळत नव्हते. व्यवसायातही मी तो वर्षानुवर्षे असाच काढत आले आहे : पानाच्या तबकात, चुन्याच्या डबीशेजारी, मिटलेला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहतानाही माझी नजर कारागिरीवरच खिळून राहिली होती, हे आता जाणवते.

दुसऱ्या रेखाटनात तो अंदाजाने बराच उघडा दाखवला. चित्र जोरकस दिसले, पण प्रत्यक्ष अडकित्ता तितका उघडून पाहिला तेव्हा दोन्ही मुठी एका हातात मावेनात.

तिसऱ्या खेपेला श्रीवर्धनी रोठा सुपारी आणली आणि कॅलिपरने मापे घेतली. सुपारीचा व्यास 2.4 सेंमी, खिळ्यापासून तिचे अंतर 3.5 सेंमी आणि हाताची पकड 13 सेंमीवर. म्हणजे हाताचा जोर सुपारीवर जवळपास पावणेचार पट होऊन पडतो आणि त्या वेळी मुठींमधले अंतर सुमारे 9 सेंमी असते. सुपारी खिळ्याकडे सरकवून 2 सेंमीवर ठेवली, तर जोर साडेसहा पट होईल. पण मुठी साडेपंधरा सेंमी फाकतील आणि माझी बोटे तिथवर पोहोचणार नाहीत. जोर जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने मुठी फाकतात, त्यामुळे खरी मर्यादा लोखंडाची नसून तळहाताची आहे. घडवणाऱ्याने हे गणित कागदावर मांडले नसेलही, पण त्याच्या हाताला ते पक्के ठाऊक होते आणि मला त्या अनामिक कारागिराविषयी मनापासून आदर वाटतो.

पात्याच्या धारेचा आतला बाकही याच खेपेला कळला. धार सरळ असती, तर उघड्या जबड्यातून गोल सुपारी मुठींच्या दिशेने निसटली असती. बाकामुळे सुपारीला टेकणारी धार खालच्या बैठकीशी अधिक समांतर येते आणि सुपारी जागीच राहते. हा बाक मी पहिल्या रेखाटनात निव्वळ शोभेचा समजून थोडा वाढवला होता.

अंतिम रेखाटनात ट्रेसिंग कागदावर तीन स्थिती एकमेकींवर घेतल्या आहेत : सुपारी धरलेली, अर्धी चिरलेली आणि मिटलेली. पहिलीला 0.5 चे पेन, उरलेल्या दोघींना 0.1 चे. हात फक्त बाह्यरेषेत काढला आहे, कारण छायांकन केल्यावर तो अडकित्त्याला झाकून टाकत होता. खालच्या बैठकीचा आडवा छेद अजून बाकी आहे. तो झाला की विळी घेईन, आणि या वेळी तिच्या पाटावर दाबून धरणारा पाय पहिल्या दिवसापासून कागदावर असेल.