पेढीवरची नोकरी सांभाळून केलेलं ऑनलाइन बी.कॉम.

इचलकरंजीत सुताच्या, कापडाच्या, सायझिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या) ऑफिसांत टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसणाऱ्या मुली खूप आहेत. बहुतेकींचं शिक्षण बारावी कॉमर्स, मग लग्न, मग घराला हातभार म्हणून नोकरी. मीही त्यांच्यातलीच. व्हाउचर टाकायचं, बिलं काढायची, ई-वे बिल बनवायचं आणि महिनाअखेरीला सगळा डेटा सीए साहेबांच्या ऑफिसला पाठवून द्यायचा. तिथे त्या आकड्यांचं पुढे काय होतं, ताळेबंद कसा उभा राहतो, कर कुठून ठरतो, यातलं काही कळायचं नाही आणि ते मला फार सलायचं. म्हणून २०२१ मध्ये ऑनलाइन बी.कॉम.ला प्रवेश घेतला. २०२४ मध्ये पदवी मिळाली. आता ओळखीच्या मुली विचारतात, करू का, कुठे करू, करून काय मिळतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला प्रश्न विद्यापीठाचा. ‘एका वर्षात पदवी’ अशी पाटी लावलेली ऑफिसं जवळपास प्रत्येक मोठ्या गावात सापडतील. तिथे पाऊलही टाकू नका. बी.कॉम. एका वर्षात होत नाही आणि विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम अशा एजंटांच्या दुकानातून चालवायला परवानगीच नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर दरवर्षी मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते. आपलं विद्यापीठ, आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष, तिन्ही त्या यादीत दिसलं पाहिजे. २०२४ पासून तर प्रवेशाआधी स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्यासाठी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी लागतो. एजंट ‘तो आम्ही काढून देतो’ म्हणाला तरी तो स्वतःच्या मोबाइलवर स्वतःच काढा.

दूरशिक्षण आणि ऑनलाइन हे दोन वेगळे मार्ग आहेत, हेही आधी समजून घ्यावं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि दिल्लीचं इग्नू हे मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) दूरशिक्षण देत आले आहेत. त्यात छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि केंद्रावर जाऊन परीक्षा अशी पद्धत असते. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वाध्याय सगळं पडद्यावर. फीच्या बाबतीत सरकारी मुक्त विद्यापीठं खासगी ऑनलाइन पदवीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. जिला अभ्यासकेंद्र जवळ आहे आणि रविवारी घराबाहेर पडता येतं, तिने तोच मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. मला रविवारी बाहेर पडणं जमणारं नव्हतं.

अभ्यास रात्री, स्वयंपाकघर आवरल्यावर. अर्थशास्त्र, व्यवसाय कायदा, व्यवस्थापन हे विषय व्हिडिओ ऐकून जातात. भाकऱ्या थापतानाही ऐकता येतात. अकाउंट्सचं तसं नाही. शिक्षक पडद्यावर भागजप्तीची (शेअर जप्त केल्याची) नोंद करून दाखवतात तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं आणि व्हिडिओ बंद केल्यावर कोरा कागद समोर आला की कोणतं खातं नावे, कोणतं जमा, इथेच हात थांबतो. मी दोनशे पानी वह्या आणून प्रत्येक गणित कागदावर सोडवायला लागले. रोजकीर्द (जर्नल), खतावणी (लेजर), तेरीज (ट्रायल बॅलन्स), अंतिम खाती, सगळं हाताने. टॅलीत नोंद टाकली की खतावणी आपोआप होते, म्हणून वर्षानुवर्षं टॅली चालवणाऱ्या मुलीलाही खतावणी येतेच असं नाही.

आमच्या पेढीचे मालक, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, जुन्या वळणाचे. मी तेरीज जुळवून खुशीत असले की म्हणायचे, “ताई, जुळली म्हणून बरोबर असं धरू नका. एखादं बिल नोंदवायचंच राहिलं तर तेरीज काय बोलणार?” पुढे अंकेक्षणाच्या (ऑडिटच्या) पेपराला नेमकं हेच होतं. नोंद पूर्णच राहून गेली किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकलं तर तेरीज गप्प बसते. अण्णांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं.

सगळ्यात जास्त जीव लागला तो परिव्यय लेखांकनात, म्हणजे कॉस्टिंगमध्ये. अण्णा सूत घेतात, सायझिंगला देतात, सूत गुंडाळलेले बीम खर्चीवाल्यांकडे, म्हणजे मजुरीवर विणून देणाऱ्यांकडे, जातात. प्रत्येक टप्प्यावर घट. प्रक्रिया परिव्ययाचं प्रकरण वाचलं आणि रोजची घट एकदम वेगळी दिसायला लागली. समजा १,००० किलो सूत २४५ रुपये किलोने घेतलं. एकूण २,४५,००० रुपये. या कामात २ टक्के घट होणारच असं धरलं, तर हाती ९८० किलो यायला हवं. टाकाऊ सुताचे काही पैसे येत नाहीत असं मानलं तर या घटीचा खर्च चांगल्या मालावर पडतो आणि किलोचा भाव २५० होतो. पण प्रत्यक्षात ९६० किलोच आलं तर? धरलेल्या घटीपेक्षा जास्तीची ही २० किलोंची घट असामान्य. तिचे ५,००० रुपये मालाच्या किमतीत घालायचे नाहीत, सरळ तोट्यात दाखवायचे. शिल्लक माल २,४०,००० चा. पेढीवर तोवर दोन्ही घटी एकाच रकान्यात जायच्या आणि कापडाचा भाव काढताना सगळा भार कापडावर पडायचा. मी अण्णांना एका महिन्याची घट अशी वेगळी काढून दाखवली. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दोन कारखान्यांत स्वतः जाऊन वजनं बघून आले. नेहमीच्या नोकरीत आपल्या हिशेबावर कुणी उठून चालत गेलंय, असं माझ्या बाबतीत त्याआधी झालं नव्हतं.

अंतर्गत मूल्यमापनाला ३० आणि सत्रान्त परीक्षेला ७० गुण. परीक्षा घरूनच, पण कॅमेऱ्यासमोर. ओळखपत्र दाखवायचं, खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवायची, खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको. आमच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा शेड, दिवसरात्र खडखडाट. म्हणून परीक्षेपुरती मी जयसिंगपूरला भावाकडे जायचे. वहिनी मुलांना घेऊन शेजारच्यांच्या घरी जाऊन बसायच्या. आणखी एक सांगते. नफातोटा पत्रक संगणकावर टंकायला हातापेक्षा बराच वेळ लागतो. शेवटच्या महिन्यात तरी सराव कीबोर्डवर करा.

शेवटच्या वर्षी आयकराचा पेपर आणि बाजारातली धावपळ एकाच वेळी आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेळेत दिली नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा मिळणार नाही, देऊ तेव्हाच मिळेल, असा नियम २०२३-२४ पासून लागू झाला. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उधारीवर चालणाऱ्या कापडाच्या धंद्यात यावरून मार्च २०२४ मध्ये काय चाललं होतं ते इथल्यांना माहीत आहे. मी खर्चीवाल्यांचे उद्यम (लघुउद्योग नोंदणीचे) क्रमांक गोळा केले, कोण सूक्ष्म, कोण लघु, कोण नुसता व्यापारी हे वेगळं केलं (व्यापाऱ्याला हा नियम लागत नाही) आणि कुणाचं देणं ३१ मार्चआधी चुकवायला हवं याची यादी अण्णांपुढे ठेवली. सीए साहेबांनी ती तपासून तशीच वापरली. आता शिकणाऱ्यांनी मात्र आयकराची जुनी पुस्तकं घेऊ नयेत. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

पदवीनंतर काय? सीएकडे जायचं तर कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, आता तीन ऐवजी दोन वर्षांची आहे, पण ती पूर्ण वेळ करावी लागते. लहान मुलं आणि पगाराची गरज असलेल्या बाईने हे आधी मोजावं. सीएमएलाही (कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमाला) पदवीधराला फाउंडेशन लागत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनर (दुसऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरून देणारा) म्हणून नोंदणीला कॉमर्सची पदवी चालते, पुढे नासिन या केंद्राच्या अप्रत्यक्ष कर प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आहे. गाव सोडायची तयारी असेल तर पुण्यात परदेशी कंपन्यांची हिशेब केंद्रं आहेत. देणी, येणी, जुळवणी अशी कामं असतात आणि तिथे एक्सेल पक्कं लागतं. सरकारी लेखा विभागांतल्या भरतीला पदवी लागते. मुलाखतीत ‘ऑनलाइन पदवी?’ असं विचारलं, तर यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्येच मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या असल्याचं स्पष्ट केलं आहे, हे सांगा. मला एका ठिकाणी विचारलं, आणि लगेच बँक जुळवणी पत्रक करायला दिलं. ते जमलं, पुढे पदवीचा विषय निघाला नाही.

मी निवडलेली वाट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर. आपल्या राज्यात सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (गव्हर्नमेंट डिप्लोमा इन को-ऑपरेशन अँड अकाउंटन्सी) ही पदविका आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे प्रमाणित लेखापरीक्षक व्हायला पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामापुरतं ज्ञान लागतं. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, गृहनिर्माण संस्था, सगळ्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. म्हणजे तालुक्याच्या गावात राहूनही हे काम करता येतं. परीक्षा पास होऊन मी आता एका लेखापरीक्षकांकडे सहायक आहे. कर्जाच्या फाइली तपासणं, रोख शिल्लक मोजणं, थकबाकीवरच्या तरतुदी बघणं, आम्ही दाखवलेल्या चुका सुधारल्याचा संस्थेचा दोष दुरुस्ती अहवाल आला का याचा पाठपुरावा करणं, असं काम असतं. तीन वर्षं भरली की प्रमाणित लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी (पॅनेलसाठी) अर्ज करणार आहे. अण्णांच्या पेढीचे हिशेब शनिवारी अजूनही मीच बघते.